शिंक्यावरची भाकर

४ नोव्हेंबर

आजपासून मी बोलते अन् रुपाली लिवते. रुपाली माही नात. पह्यल्या बाळंतपनाले कामरगावहून माहेरी आली. आठवा महिना सरत आला. घरात तिले कोनी काम करू देत नाही, मोबाइल पाहू पाहू डोळे दुखले, म्हून मले धरलं. "आजी, तू सांग, मी तुही रोजनिशी लिवते." म्या म्हटलं, माह्या रोजात काय हाय वं? उठली, बसली, खोकलली. म्हने, तेच लिवू.

कबूल. पन मी बोलली तसंच लिवाचं. मधात सुधरवाचं नाही.

आज : कापूस वेचाले बाया भेटल्या नाहीत, गजूचं डोकं गरम. सून शोभा एकटीच वेचाले गेली, येऊन सैपाक केला. मी वालाच्या शेंगा सोलल्या. खोकलली.

७ नोव्हेंबर

रुपाली इंग्रजीत एम.ए. करून राह्यली. पोट पुढे, पोटावर पुस्तक. टेबलाचं काम भागलं.

आज म्हने, जुन्या इंग्रजीत एक मेलेला शब्द हाय. मेथ. म्या म्हटलं, लाडवात घालतात तो? हासली नाही. मंग समजावून सांगतलं. पह्यले त्याचा अर्थ माप होता. मंग मानसाची पायरी, कोन किती मोठा ते. मंग मान. मंग आवरून वागनं, जादा नाही कमी नाही. अखेरीले मऊपना, दया. मंग लोक तो बोलेचना, मेला.

"आपल्या बोलीत असा कोनता, आजी?"

हाय ना. बेत.

माही माय जुन्या लुगड्याची चोळी बेते. वीतभर कापडात दोन बाह्या काढे, चिंधी वाया जाऊ देत नसे. तो बेत मले गोड वाटे. सासरी आली त बेत म्हंजे सासूची नजर. बेतानं हास. बेतानं बोल. पाहाले आले तवा तर माह्यासमोरच म्हटलं, पोरगी दिसाले बेताची हाय. त्याईचं पोरगं काय भरलं कनीस होतं? पन पोराले कोनी बेत लावत नाही.

सासू ताट वाढे. भाकर मधातून मोडे, अर्धी माह्या ताटात, अर्धी शिंक्यावर. म्हने, बाईनं बेतानं खावं, घर भरलं दिसते. माहं पोट सोडून सारंच भरलेलं दिसे.

रुपालीनं खुशीनं लिवलं. तिचे सर शाबासकी देतीन म्हने. देऊ दे.

१० नोव्हेंबर

कामरगावच्या इहीनबाईचा फोन. रुपालीची सासू. आवाज असा की स्पीकर नसता त बी ऐकू आला असता.

"नववा लागला ना वो? आता बेतानं जेवू घाला पोरीले. लेकरू मोठं झालं त पोट चिरा लागते."

शोभा म्हने, "हो जी."

फोन ठेवला. माह्याकडे वळली. "सांगा आत्याबाई, किती वाढू? तुमाले बेत माहीत हाय."

मी शेंगा सोलत राह्यली. सोललेल्याच परत सोलल्या.

रुपाली विचारते, आई तुले असं काहून बोलली? लिव : बुढीले ऐकू आलं नाही.

११ नोव्हेंबर

शोभानं इहीनबाईचं ऐकलं नाही. पोरीच्या ताटात दोन भाकरी, तुरीचं वरन, वरून तूप. ताट माह्या नाकासमोरून नेलं, मुद्दाम हळू. पोरगी ताट घेऊन मांगच्या ओसरीत जाऊन बसली. म्हने, अंदर गरम होते. नोव्हेंबरात?

मंग मले विचारते, "आजी, आई तुह्या हातचं काहून खात नाही?"

पोरीच्या ध्यानात आलं. खरं हाय. मी वाढाले गेली की शोभा म्हनते, राहू द्या, मी मागून घेते. पोळ्याले म्या पुरनपोळी वाढाले हात पुढे केला, तिनं ताटावर हात आडवा धरला. भांडन नाही, आवाज नाही. अठ्ठावीस वर्सं झाले. तो हात मले पाठ हाय, कोनती बांगडी कवा फुटली ते बी सांगीन.

हे लिवू नको.

(लिवलं. मधात सुधरवाचं नाही अशी अट हाय. – रुपाली)

१६ नोव्हेंबर

आशाताई वजनकाटा घेऊन आली. रुपालीले चढवलं, वजनाची वही पाह्यली, परत चढवलं. म्हने, पंधरा दिवसांत काटा हललाच नाही. लेकराची वाढ बी बेताचीच वाटते. ताई, जेवता ना?

रुपाली म्हने, जेवते.

शोभा म्हने, दोन भाकरी मी सोता वाढते. अन् माह्याकडे पाह्यलं. जसं काही म्या चोरल्या.

दात किती राह्यले माहे? चोरून बी काय करू?

१७ नोव्हेंबर

आज बकरीनं सांगतलं.

दोन-चार दिवसांपासून पाहून राह्यली, जेवनाची वेळ झाली की बकरी ओसरीच्या खांबापाशी येऊन उभी. बकरीले घड्याळ कोनं शिकवलं? आज काठी टेकत मागून गेली. एम.ए.वाली बसली होती, अन् दीड भाकर बकरीच्या तोंडात. तूप लावलेली.

मले पाहून ताट लपवलं. बकरी कशी लपवशीन?

"काहून वं?"

"आजी, लेकरू मोठं झालं त पोट चिरतात. मले लय भेव वाटते. सासू रोज फोन करते."

"पुस्तकात काय लिवलं हाय?"

"खा म्हनून लिवलं हाय."

"मंग?"

"पुस्तक कामरगावले नांदत नाही, आजी. मी नांदते."

म्या काठीनं बकरीले हाकललं.

१८ नोव्हेंबर

आज काही लिवू नको. विचार करून राह्यली.

१९ नोव्हेंबर

लिव आता. थांबू नको, मी थांबली त परत नाही बोलनार.

तुह्या पह्यले शोभाले एक पोरगा झाला होता. तुले कोनी सांगतलं नाही. गजू सांगत नाही, शोभा सांगत नाही, अन् मी त सांगनारच नाही.

शोभाले माय नव्हती. म्हून पह्यलं बाळंतपन माहेरी नाही, इथीच. माह्या हाताखाली. आठवा लागला अन् म्या तिची भाकर अर्धी केली. रागानं नाही. माह्या सासूनं माही केली, तिच्या सासूनं तिची. पोट हलकं त बाळंतपन सोपं, हेच आमाले माहीत. मले वाटे मी तिले जपून राह्यली. माय नाही बिचारीले, मीच माय. भाकरीचं टोपलं म्या शिंक्यावर टांगलं. पोट एवढं की तिचा हात वर पुरे ना.

एक दिवस कापूस वेचून आली. जेवली. ताट पुसून घेतलं बोटानं. मंग म्हने, आत्याबाई, चतकोर द्या ना अजून.

म्या म्हटलं, बेतानं, वं.

बस. एवढंच म्हटलं. हासून म्हटलं.

पोरगा झाला. सुपात ठेवला त सूप रिकामंच वाटे. रडला बी बेतानंच. नऊ दिवस राह्यला. बारसं झालं नाही म्हून नाव नाही.

दवाखान्यातली बाई म्हने, त्यानंच गेला असं पक्कं सांगता येत नाही. ते वाक्य म्या अठ्ठावीस वर्सं जपून ठेवलं. रोज थोडं थोडं खाते. पोट भरत नाही.

तू म्हनते, इंग्रजाईचा शब्द मापापासून निघाला, दयेपर्यंत पोचला अन् मेला. आमचा मापापासून निघाला अन् कुठी पोचला ते तुले सांगतलं. अन् मेला नाही. परवा फोनवर बोलून राह्यला होता.

आता जेव.

(इथी आजी उठून गेली.)

२२ नोव्हेंबर

दोन दिवस रुपाली वही घेऊन आली नाही. आज आली.

जेवाले आता माह्यासमोर बसते. दोन भाकरी, सारं वरन. चावते अन् माह्याकडे पाहते. शिव्या बऱ्या होत्या.

इहीनबाईचा फोन आला. रुपाली म्हने, "आई, मी दोन भाकरी खाऊन राह्यली, तिसरी मांगनार हाय." अन् ठेवून देला. मंग मोबाइल बंद करून उशीखाली सारला.

बकरी खांबापाशी उभी. तिले कोन समजावनार?

२५ नोव्हेंबर

शोभानं वही वाचली.

सातवी शिकली हाय ती. वही पलंगावर होती, रुपाली आंघोळीले गेली होती. मी उंबऱ्यात बसून पाह्यलं. बोट ठेवू ठेवू वाचलं, एक पान वाचाले लय वेळ लावला. मले वाचता येत नाही, पन ती कुठी पोचली ते मले बरोबर समजे.

वही मिटली. जागच्या जागी ठेवली. चुलीपाशी गेली, परत आली. माह्यासमोर उभी राह्यली.

"दूध बी मागतलं होतं," म्हने. "ते सांगतलं नाही तुमी."

गेली.

लिव, रुपाली. दूध बी मागतलं होतं. भाकरीच्या दुसऱ्या दिवशी. गाय दुभती होती. मी खरंच इसरली होती, अन् हे कोनी मानू नये.

२८ नोव्हेंबर

आशाताईचा काटा हलला. थोडा. म्हने असंच चालू ठेवा.

शोभाले म्या गॅसवर चहा करून देला. म्हने, ठेवा तिथी. मी ठेवला. तिनं घेतला का सांडला, पाहाले गेली नाही. कप धुतलेला होता.

३ डिसेंबर

(रुपाली नाही. तिनं शिकवलं तसं घरच्या मोबाइलवर बोलून राह्यली. मागून उतरवून घेजो बाई.)

सकाळीच तिच्या कळा सुरू झाल्या. पंधरा दिवस पह्यलेच. गजूनं गाडी आनली, वाशीमले नेतो म्हने. शोभा जुनी लुगडी गोळा करत होती. मले कोनी काही सांगतलं नाही, म्हून मी चुलीपाशी बसली. दोन वर्सं झाले, धुरानं खोकला होते म्हून मले चुलीपाशी बसू देत नाहीत. आज पाहाले कोन होतं?

भाकरी थापल्या. काठ करपले. किती कराच्या ते ठरवलंच नाही. पीठ संपलं तवा उठली. फडक्यात बांधल्या, वरून ठेच्याची डबी.

रुपाली गाडीत बसली होती, ओठ दाताखाली. म्या डोक्यावरून हात फिरवला. म्हने, "आजी, बटन दाबून बोलजो." पोरीले त्या वक्ती बी वहीचंच.

शोभा बसाले निघाली. म्या गठुडं पुढे केलं. म्हटलं, दवाखान्यात भूक लागते. तू बी...

तिनं गठुड्याकडे पाह्यलं. हातात घेऊन वजन पाह्यलं.

"एवढ्या?" म्हने. "एवढ्या कोन खाईन?"

एक शब्द आला होता तोंडाशी, सवयीचा. गिळला.

गठुडं मांडीवर घेऊन बसली. हात आडवा नाही धरला, दोन्ही हात गठुड्यावर होते. गाडी गेली.

आता ऊन ओसरीत आलं. बकरी खांबापाशी. फोन अजून आला नाही.

अन् रुपाले, एक सांगाचं राह्यलं तुहं. फोन त मी हातात धरून बोलून राह्यली. तो वाजला त हे बोलनं बंद कसं कराचं, ते तू शिकवलंच ना–