घरामागच्या खोलगट जमिनीची राखण

मी, श्रीमती रंगूबाई विठ्ठल म्हात्रे, वय बहात्तर, राहणार मानपाडा, डोंबिवली पूर्व, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका आहे ती इतरांच्या हेतूंबद्दल.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक मुलगी निशा हिला. कपाटाची किल्ली कुठे आहे हे तिला ठाऊक आहे. इतरांनी शोधाशोध करू नये.

२. पहार, विळा व फावडे शेजारीण मेघना हिला. नेलेली वस्तू धुऊन परत आणणारी गल्लीत ती एकटीच.

३. आता घरामागची खोलगट जमीन. गल्लीतले पावसाचे पाणी तिथे उतरते आणि जिरते. पलीकडच्या मोकळ्या जागेत पालिकेच्या हरित योजनेतून उद्यान झाले. नकाशात झाडे होती. ठेकेदाराने पेव्हर ब्लॉक बसवून वर प्लास्टिकची हिरवळ अंथरली. तिथले पाणी जिरेना; त्या पावसाळ्यात ते मेघनाच्या घरात शिरले आणि तान्ह्या बाळाला स्वयंपाकाच्या ओट्यावर निजवावे लागले. माझा जीव आजही त्या ओट्याशी अडकला आहे.

मग जागांची दलाली करणारा पुतण्या कमलेश आला. म्हणाला, "काकू, मागे मस्त गार्डन करून देतो. तू फक्त सही कर." ज्याने तुळशीला कधी तांब्याभर पाणी घातले नाही, त्याला बाग कशाला हवी?

४. म्हणून ही जमीन पालिकेला, केवळ पाणी जिरवण्यासाठी. पालिकेवर माझा फार भरवसा आहे असे समजू नये. दरवर्षी पावसाळ्याआधी मेघनाने तिथे हंडाभर पाणी ओतावे आणि चहा ठेवावा. चहाला उकळी येईपर्यंत पाणी जिरले नाही, तर जमीन कमलेशची. तो आता पालिकेवर डोळ्यात तेल घालून नजर ठेवील. त्यालाही हीच परीक्षा. तो चुकला तर जमीन मेघनाची. मेघनावर माझा विश्वास आहे. तरी हंडा निशाने भरावा.

५. जागेवर माझ्या नावाचा फलक लावू नये. फलकाच्या पायाला सिमेंट लागते, आणि सुरुवात तिथूनच होते.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, साक्षीदारांसमोर सही केली. कमलेश साक्षीला तयार होता. त्याला चहा पाजून परत पाठवले.

सही: रंगूबाई विठ्ठल म्हात्रे
साक्षीदार: १. महेंद्र जाधव २. नयन भोईर
ठिकाण: मानपाडा
दिनांक: ९ मार्च २०२५