काकांची दोन तोंडांची म्हैस

सोम. १० फेब्रु.
वळसंगच्या शाळेतून घरी यायला सव्वासहा. एसटीत उभीच. गुडघा बोंबलतोय. शाळेत ऑनलाइन माहिती भरण्यातच दुपार गेली, पहिलीची पोरं नुसती बसून. शेवटी माझी म्हैस-बगळ्याच्या दोस्तीची गोष्ट सांगितली, पुन्हा तीच. त्यांना ती कितीदाही चालते, मला आता चालत नाही. पुण्याच्या प्रकाशनाला मात्र तिचंच चित्रपुस्तक करायचंय. नमुन्याची चार चित्रं पाठवा म्हणे.
शेजारच्या यादगिरीकाकांना विचारलं. चाळीस वर्षं चादरींची डिझाइनं काढली त्यांनी. कारखाना बंद झाल्यापासून दारात खुर्ची टाकून बसलेले. म्हणाले, "म्हैस काय, हत्ती काढतो की अम्मा." मी त्यांच्या मुलीएवढी, पण तेलुगू घर, त्यामुळे अम्मा.

शुक्र. १४
म्हैस आली. अरे देवा.
दोन्ही टोकांना तोंड! शेपूट नाहीच. चादरीचं डिझाइन अर्धंच काढायचं असतं, उरलेलं अर्धं मागावर उलटं उमटतं. हाताला तीच सवय. ग्राफपेपरवर पुढची अर्धी म्हैस रंगवली आणि घडी घालून तीच पलीकडे उतरवली. "बघ की, कशी फिट्ट बसली!" चेहरा इतका खुललेला... छान म्हणून मोकळी झाले. चूक सांगत बसायचं त्राण नव्हतं.

शनि. १५
सकाळची शाळा. चित्र वर्गापुढे धरलं. पोरं पुढे सरकून बघायला लागली. मग चिंगी उठली, "बाई, ही हगती कुटनं?"
वर्ग लोळला. मीपण. किती महिन्यांनी अशी हसले असेन. पुढची गोष्ट पोरांनीच फिरवली. बगळा एका तोंडाच्या कानात गुपित सांगतो, की दुसरं रुसतं. एकाला पाण्यात जायचंय, दुसऱ्याला उन्हात. म्हैस जागच्या जागी. बगळा पाठीवर बसून दोघांची समजूत काढतोय. माझ्या गोष्टीपेक्षा कितीतरी भारी.
संध्याकाळी काकांना सांगितलं. आधी कपाळावर हात मारला, "अय्यो, लई मोठी चूक झाली की!" मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. उरलेली तीन चित्रंही तशीच काढणार.

मंगळ. २५
शनिवारी चारही चित्रांचे फोटो आणि पोरांनी फिरवलेली गोष्ट पाठवली होती. मधल्या सुट्टीत पुण्याहून प्रकाशनाच्या ताईंचा फोन. "दोन तोंडांची म्हैस म्हणजे कमाल! घेतलं पुस्तक. फक्त चित्रं आमचा आर्टिस्ट नव्यानं काढेल. ही फार चौकटी-चौकटीची दिसतात हो."
मी म्हटलं, "बरं."
बरं! तिकडे मुलं ताटं घेऊन भांडत होती, खिचडी थंड होत होती, फोन संपवायचा होता. म्हणून बरं. म्हैस काकांची, आणि मी बरं म्हणून टाकलं. लाज वाटते स्वतःची.

गुरु. २७
काका चाराच्या पुढे गेलेत. सहावं पान. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, कागद नाकाला लावून एकेक चौकट भरतात. काकू दारातच गाठून म्हणाल्या, "जेवणाची आठवण होत न्हाय बघ ह्यांना." तोंडावर कौतुक.
सांगायचं होतं. चहा पिऊन परत आले.

रवि. २ मार्च
सांगितलं एकदाचं. ताईंचा फोन, माझं बरं, सगळं. काकांनी ब्रश पाण्यात बुडवला, पुसला. मग मलाच समजावायला लागले.
"छापू दे की अम्मा. तुझं पुस्तक होतंय. माझ्यापायी घालवू नको."
"पण काका, तुमचं नाव..."
"चादरीवरचं माझं फूल तीस वर्षं लोकांनी पांघरलं. काढलं कुणी, म्हाईत हाय का कुणाला? झोप लागली की लोकांना."
म्हणाले ते हसतच. मला रागच आला. त्यांचा नाही. कुणाचा ते कळेना.

सोम. ३
सह्या करायचे कराराचे कागद मेलवर आलेत. शुक्रवारपर्यंत पाठवा. मुखपृष्ठावर नाव एकच, माझं. पहिलं पुस्तक. बावन्नाव्या वर्षी. नको आहे असं कसं म्हणू, हवंच आहे.
एसटी स्टँडवरूनच ताईंना फोन लावला. चित्रं काकांचीच, नाहीतर गोष्टही नको, असं एका दमात बोलून टाकलं. ताई म्हणाल्या, "मॅडम, असं नसतं होत. विचारून सांगते."
घरी आले तर काका दारात, खुर्चीत नाही, खाली बसलेले. नवा ग्राफपेपर पसरलाय. कोण छापणार, त्याची फिकीरच नाही. मला बघून म्हणाले, "सातव्या पानावर बगळ्याला कुटं बसवू?"
मी चप्पल काढून शेजारी बसले. जागा दाखवली.