पाण्याला सोसत नाही

३ मार्च
आले एकदाची! मुलाच्या नव्या घरात मला वरची खोली मिळाली आहे, आणि टेबलासमोरच्या खिडकीखाली चक्क पोहण्याचा तलाव. आमच्या सात पिढ्यांत घरी बादलीपेक्षा मोठ्या भांड्यात कोणी अंघोळ केली नसेल! नातीला पोहायला मीच शिकवणार, हे चपला काढता काढताच जाहीर केलं. सहा वर्षांची आहे, पाय जमिनीवर ठरत नाही म्हणून सगळे भिंगरीच म्हणतात. सूनबाई म्हणाली, आई, आधी गुडघ्यांची परवानगी घ्या.

पाण्याला मात्र वासच नाही. आधीचे मालक क्लोरिन घालत नसत, कसलंसं निळं औषध ओतत. त्याचा एक कॅन मागे ठेवून गेलेत. किल्ल्या देताना मुलाला म्हणाले होते, क्लोरिन नका घालू, या पाण्याला सोसत नाही. घ्या! पाण्याला कसलं आलंय सोसणं? माझ्या मनात पोहणं म्हणजे सिस्टरांच्या शाळेच्या तलावाचा तो झोंबरा वास, ओल्या वेण्या, लाल डोळे आणि घंटा झाली तरी पाण्याबाहेर न निघणाऱ्या आम्ही मुली. मी हट्टच धरला. मुलगा म्हणाला, होऊ दे आईच्या मनासारखं.

६ मार्च
सूनबाई पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, त्यामुळे सूत्रं तिच्याकडे. क्लोरिन पडलं आणि पाणी आधी दुधासारखं झालं, मग हिरवट. जुनं औषध जळतंय, असं व्हायचंच, म्हणते. गाळणीच्या टाकीवरचा दाबाचा काटा लाल रेघेपर्यंत चढतो. मग दांडा फिरवायचा की पाणी वाळूतून उलटं वाहतं आणि घाण नळीतून बाहेर पडते. हे काम माझं. निघतं ते चिकट, लिबलिबीत. भिंगरी त्याला तलावाचा शेंबूड म्हणते. कार्टी!

१० मार्च
क्लोरिन टिकत नाही. संध्याकाळी चाचणीची पट्टी गर्द जांभळी, सकाळी कोरी. मधे रात्र, ऊन लागत नाही. सूनबाई म्हणते, उन्हाशिवाय क्लोरिन असं उगाच जात नाही, काहीतरी जिवंत आहे तिथे खर्च होतं. शेवाळ असेल. मात्रा दुप्पट केली.

पण वास आला! अगदी तोच. मी सगळ्यांना हाका मारून बोलावलं. सूनबाई हसत सुटली. म्हणाली, आई, नुसत्या क्लोरिनला असा वास येतच नाही. ते माणसाच्या घामाला, कातडीला, लघवीला भिडलं की येतो. तुम्ही जन्मभर आठवताय तो वर्गभर मुलींचा घाम! जेवताना सगळे मला त्यावरून चिडवत होते, मीही हसले.

जिना चढताना थबकले. आमच्या तलावात अजून कोणीच उतरलेलं नाही.

११ मार्च
सूनबाईला विचारलं, मग हा वास कोणाचा? म्हणाली, पानं पडतात, पाखरं पितात. आज गाळणीतली वाळू बदलली. जुनी वाळू मोकळी नव्हतीच, एकच मोठं ढेकूळ, फावड्याने फोडावं लागलं. मुलाने मधेच हात मागे घेतला. कोमट लागतंय, म्हणाला. उन्हाने असेल.

टाकी सावलीत आहे.

१४ मार्च
पाणी आरशासारखं. पट्टी सकाळीही जांभळी. तलावाचा वास साफ गेला. सूनबाई खूश, रविवारी भिंगरीला उतरवू म्हणते.

वास आता घरात आहे. आधी मागच्या दारात, दुपारी जिन्यात. दारातल्या हिरव्या पायपुसण्यावर पांढरा डाग पडलाय, रंग उडाल्यासारखा.

१५ मार्च
जिन्याच्या सतरंजीवर तसेच डाग. वरच्या पडद्यावर एक, माझ्या कमरेच्या उंचीवर. सूनबाई म्हणाली, आई, क्लोरिनचे हात धुऊन वर येत जा. मी क्लोरिनला हातही लावत नाही. ते तीच घालते.

डाग भिंगरीच्या खोलीकडे निघालेत.

१६ मार्च
भिंगरीची निळी चादर. अर्धी पांढरी. ती उरलेल्या अर्ध्यावर निजते.

विचारलं तर म्हणाली, तिला जागा देते ना. कोणाला? तलावातलीला. तिची कातडी चुरचुरते, डोळ्यांची आगआग होते, पाणी चावतं, म्हणून ती इथे येते. माझ्याकडे का नाही येत, विचारलं. म्हणाली, तुला घाबरते आजी, पाणी तूच बदलायला लावलंस ना.

मुलगा म्हणतो, पोरीच्या कल्पना. सूनबाईने उशी नाकाशी नेली. तो वास तिला ओळखता येतो. भिंगरीला माझ्या खोलीत हलवलंय.

१७ मार्च
पाणी पहिल्यासारखं करायला सूनबाई कबूल झाली. आधी पाण्यातलं क्लोरिन घालवायचं. पट्टी कोरी झाली की मगच निळं औषध, दोन्ही एकत्र चालत नाहीत. क्लोरिन घालवायचं औषध सकाळी घातलं, पण कमी पडलं. आणखी आणायला ती गेली आहे. मुलगा कामावर. भिंगरी माझ्या पलंगावर झोपलीय, मी पलंगाशेजारी टेबलाशी खुर्ची लावून बसलेय.

पट्टी अजून जांभळट.

मघाशी दारात उभं राहून मोठ्याने बोलले. वेड्यासारखं. म्हटलं, बाई गं, चुकले मी. पाणी करतेय पहिल्यासारखं. जा परत. हवं ते घे, पण—

दुपार
डोळा लागला. मिनिटभर. पलंग रिकामा. माझी तपकिरी शाल, कडेपासून कडेपर्यंत पांढरी—

खिडकीतून दिसतेय. भिंगरी. तलावाकडे चाललीय, सावकाश. ती कधीच सावकाश चालत नाही. एक हात वर, बोट धरल्यासारखा. शेजारी कोणी नाही—

लाल झग्याची बाही. मनगटापासून पांढरी होत वर—

हाक मारली. वळली नाही. मान वर करून हसतेय कोणाकडे तरी—

जातेय ती परत. पण हिला का— अगं हिला सोड, हिला पोहता—