व्हॅम्पायर आईची लसणाची फोडणी

शनिवार, १५ ऑक्टोबर २०१६
ओटावा

संताप आवरत नाही. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी दिलेल्या माझ्या व्हॅम्पायरकथेची प्रुफं आज आली. मी लिहिलं होतं की आई शिकारीला बाहेर पडते आणि बाप घरी लेकीला सांभाळतो, तिचे सुळे घासून देतो. संपादक विद्याधररावांनी न विचारता दोघांची कामं बदलली. आई आता स्वयंपाकघरात वरणाला लसणाची फोडणी देते. लसणाचा वासही न सोसणारी व्हॅम्पायर बाई आणि फोडणीला लसूण! बारा वर्षं लायब्ररीत बसून मी एकट्याने हा विषय वाचलाय. या एम.ए. गृहस्थांना एवढंही ठाऊक नाही?

फोन केला. म्हणाले, "अहो सुधीरराव, लसूण काढतो की. पण बाई बाहेर हिंडतेय नि बाप्या पोर सांभाळतोय, हे आपल्या लोकांत कोणाला पटेल?"

नोकरी गेल्यापासून घर मीच बघतो, बायको मंजू हॉस्पिटलात रात्रपाळी करते. मंडळात मात्र "कन्सल्टिंग करतो" म्हणून सांगत आलोय. मग मला नक्की काय झोंबलं? लसूणच का?

शेवटी बोललो, "आमच्याकडे असंच आहे. कथा लिहिली तशी छापा, नाहीतर परत द्या."

"वहिनींना चालतं हे?"

कामावर निघालेल्या मंजूच्या हातात फोन दिला. ती म्हणाली, "न चालायला काय झालं? यांनी भरलेला डबा घेऊनच निघालेय मी."

छापतील की नाही, ठाऊक नाही. सोमवारपर्यंत अख्ख्या मंडळाला मात्र कळेल. कळू दे.