तिसरी सीडी

१ मे २००४, शनिवार
सुट्टी. उकाडा. ओवीची डिप्लोमाची परीक्षा संपली. एक जूनला पुण्यात नोकरीवर हजर व्हायचंय. म्हणजे मुलगी हक्काने घरात आता एवढा महिनाच. पुढे ती पाहुणी. उल्का हे दिवसातून तीनदा बोलते आणि पदराने डोळे पुसते. मी बोलत नाही. मी योजना आखतो.

योजना अशी. ओवी लहान असताना रविवारी मी तिला ऑफिसात न्यायचो (साहेबांना पत्ता नव्हता). मांडीवर बसवून दोघं कॉम्प्युटरवर गेम खेळायचो. जिंकली की तिला साहेबांच्या खुर्चीत गिरक्या. तसंच पुन्हा खेळायचं. महिनाभर, रोज संध्याकाळी. पण आता कॉम्प्युटर शिकलेल्या मुलीपुढे साधासुधा गेम मांडून चालणार नाही. मासिकाबरोबर लिनक्सच्या तीन सीड्या फुकट आल्यात. त्यात दोघांनी खेळायचा पेंग्विनचा गेम आहे. पेंग्विन फुगे फोडतात. एकदम दर्जेदार.

उद्या सकाळी घरच्या कॉम्प्युटरवर बसतो. जेवणापर्यंत होईल. ओवीला सांगितलेलं नाही. सरप्राइज.

२ मे, सकाळी ९
सुरुवात केली. कॉम्प्युटरने विचारलं, आधीचं सगळं पुसू का? घर झाडायचं तर कोपरे ठेवून कशाला झाडा. हो म्हटलं.

दुपारी १
विंडोज गेलं. विंडोजबरोबर उल्काने मंडळासाठी टाइप केलेली मंगळागौरीची सगळी गाणीही गेली. तिला अजून माहीत नाही. ओवीचं काहीच गेलं नाही. टेबलावर मासिक उघडं दिसल्याबरोबर तिने आपलं सगळं वेगळ्या सीडीवर उतरवून घेतलं होतं. शिस्तीची आहे. माझ्यावर गेलीय.

दुपारी ३
दुसरी सीडी संपली, तिसरी मागतोय. गेम तिसरीवरच आहे. तिसरी सापडत नाही.

दुपारी ४
सापडली. मागच्या अंगणात, आंबापोळीच्या ताटांवर, सुतळीला. उल्काने कावळ्यांना भिववायला टांगली होती. म्हणाली, फुकट आलेल्या तीन-तीन कशाला लागतात, दोन ठेवल्यात की. वाऱ्याने ती दिवसभर कुंपणाच्या दगडी गडग्यावर घासत होती. कावळा गडग्यावरच बसला होता.

मी रागावलो नाही. मंगळागौरीचं अजून सांगायचंय.

४ मे
ऑफिसात चौकशी केली. ओरखडे गेले पाहिजेत म्हणे. घरी येऊन खोबरेल लावून चोळली. सीडी छान चमकते. घातली. आता ड्राइव्हमधून शिरा परतल्यासारखा वास येतो आणि पहिली सीडीही नीट वाचत नाही.

ओवीने विचारलं, बाबा, मी बघू का? म्हटलं, तू सुट्टीवर आहेस, आराम कर. भाट्याला समुद्रावर फिरायला येता का म्हणाली. उद्या नक्की म्हटलं.

८ मे
ड्राइव्ह नवा बसवला. उल्काला गाण्यांचं सांगितलं. रात्री आमटीत मीठ नव्हतं.

११ मे
मोठी प्रगती. काळा पडदा आला, त्यावर नाव विचारलं. नाव टाकलं. पासवर्ड विचारला. टाइप करतो तर एक अक्षर उमटेना. कीबोर्ड गेला. खाऱ्या हवेने जातातच. उद्या ऑफिसचा आणतो.

१२ मे
ऑफिसचा कीबोर्डही गेलेला निघाला. सरकारी खरेदी.

मागून ओवी म्हणाली की लिनक्समध्ये पासवर्ड टाइप करताना दिसतच नाही, तुम्ही नुसता टाइप करा आणि एंटर मारा. म्हटलं, ठाऊक आहे, मी कीबोर्ड तपासतोय. ती स्वयंपाकघरात गेल्यावर तसं केलं. उघडलं. आत आणखी काळा पडदा.

भाट्ये राहिलं. उद्या.

१५ मे
हुसेन कुवेतहून रजेवर आला. शेजार जुना. त्याला जानेवारीतच फोनवर सांगून ठेवलं होतं, हातात धरून खेळायचा गेम आण म्हणून. आणला. रंगीत पडदा, काय देखणा! आता योजना वाढवली आहे. यात लिनक्स घालायचं. हा ओवीच्या हातात, मी कॉम्प्युटरवर, मध्ये वायर. हुसेन म्हणाला, हरीभाऊ, दुकानदार तर म्हणत होता की ह्यात फक्त ह्याचेच गेम चालतात. दुकानदारांना काय कळतं.

लपवायचा कुठे? आंब्यांच्या अढीत, पेंढ्याखाली. अढी चाळणं, पिकलेले आंबे काढणं हे या घरात माझं काम. दुसरं कुणी तिथे हात घालत नाही.

१८ मे
ओवी म्हणाली, यंदा अढी तुमच्याबरोबर मी चाळते, पुण्यात कुठे मिळणार हे. कसंबसं टाळलं. पेंढ्याखाली काय आहे ते कळलं असतं. वाईट वाटलं असावं तिला. सरप्राइज मिळालं की विसरेल.

अढीकडे जायला मलाही सवड नाही. मासिकातली इंग्रजी पानं वाचतोय. जवळजवळ कळतायत.

२१ मे
आज रंगीत पडदा आला! खिडक्या, बाण, सगळं. ओवीला हाक मारणार होतो. पण गेम नसताना हाक मारून काय उपयोग. तिसरी सीडीच हवी.

उल्काचा भाऊ मुकुल खेडला असतो, तोही हेच मासिक घेतो. रविवारी एसटीने जाऊन सीडी घेऊन येतो. ओवी म्हणाली, हा शेवटचा रविवार ना बाबा. म्हटलं, म्हणूनच.

२३ मे, रविवार, खेड
मुकुलने आग्रहाने जेवायला घातलं, मग झोपायला लावलं, मग सीडी शोधली. परतीची गाडी पंक्चर. एकूण दिवस सत्कारणी लागला.

२४ मे
मुकुलची सीडी एप्रिलच्या अंकाची निघाली. तिच्यावर गाण्यांचा प्लेअर आणि टायपिंग शिकायचा कोर्स आहे.

हरकत नाही. हातातला गेम आहेच. तोच देऊन टाकू.

२४ मे, संध्याकाळी
अढी रिकामी.

मी आठवडाभर फिरकलो नाही म्हणून आंबे उतरायला लागले, म्हणून उल्काने गड्याला, धाकूला, पेटी भरायला सांगितली. ओवीच्या पुण्यातल्या घरमालकीणबाईंना. कालच एसटीने गेली. आधीच पेटी गेली की पोरीला नीट सांभाळतील, असा उल्काचा हिशेब. धाकूला विचारलं, पेंढ्यात काय लागलं का हाताला? तो म्हणाला, व्हता ना डबो, बाय पुण्याक चालली, तिचाच आसंल म्हणून घातला मधोमध, दबू नये म्हणून.

धाकूने काळजीने भरला.

२६ मे
घरमालकीणबाईंचा फोन. आंबे अप्रतिम. आणि आंब्यांबरोबर नातवाला एवढी भारी भेट, अहो कशाला, तो जेवायलाही उठत नाहीये. मी म्हटलं, छे छे, त्यात काय.

परत मागता येईल का, असं उल्काला विचारलं. तिने आमटीवर झाकण आपटलं. मंगळागौरीचं तिने अजून मनातून काढलेलं नाही.

२८ मे
रत्नागिरीतली कॉम्प्युटरची सगळी दुकानं पालथी घातली. तिसरी सीडी कुणाकडे नाही. एकाने विचारलं, विंडोज टाकून देऊ का, अर्ध्या तासात? अशा लोकांमुळेच देश मागे आहे.

घरी आलो तर ओवी बॅग भरत होती. दाराशी थोडा वेळ उभा राहिलो. पुण्यात पाऊस कमी असतो एवढं सांगितलं. मग कॉम्प्युटरपाशी येऊन बसलो.

२९ मे
शेवटचा प्रयत्न. जुन्या सीडीला टूथपेस्ट. नाही.

उद्या सकाळची गाडी. आज तरी भाट्याला जाऊ असं ठरवलं होतं. सीडी वाळायची वाट बघता बघता अंधार पडला.

३० मे, रविवार
ओवी गेली.

स्टँडवर गाडी लागलेली होती. उल्का डबा, पाणी, लोणचं असं सांगत होती. ओवीने पर्समधून कागदी पाकीट काढून माझ्या हातात दिलं. आत सीडी. वर तिच्या अक्षरात ३. कॉलेजात दोन वर्षं हेच लिनक्स शिकवलं म्हणे. सगळ्या सीड्या पहिल्या दिवसापासून तिच्या कपाटात होत्या.

मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मला सरप्राइज देणार होतात ना. मी रोज तुमच्या मागच्या खुर्चीत येऊन बसत होते. वाटायचं, आज तरी मागे वळून बघाल."

कंडक्टरने घंटी मारली. मी तिला म्हटलं, खिडकीतून हात बाहेर काढू नकोस. ती हात बाहेर काढून हलवत राहिली.

घरी येऊन पाहिलं. माझ्यामागे खुर्ची आहे खरी. मला वाटलं होतं उल्काने कपडे वाळत घालायला ठेवलीय.

३१ मे
रजा टाकली. पोट बिघडलंय असं कळवलं. पोटाला काही झालेलं नाही.

३ जून, संध्याकाळी
तिसरी सीडी घातली. चहा गार व्हायच्या आत गेम आला. इतका सोपा.

खरोखर दर्जेदार आहे. पडद्याचे दोन भाग. डावीकडे एक पेंग्विन, उजवीकडे एक. दोघांनाही कीबोर्डवर वेगळी बटणं. डावा मी घेतला. उजवा कोणाचा ते पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

सुरू केला. मी फुगे फोडत होतो. उजवा पेंग्विन नुसता उभा. त्याच्या डोक्यावर फुगे हळूहळू खाली आले आणि तो झाकला गेला. पडद्यावर माझं अभिनंदन, वर बिगुल. पुन्हा खेळलो. पुन्हा अभिनंदन.

बिगुल ऐकून उल्काने स्वयंपाकघरातून विचारलं, कोण जिंकलं?

म्हटलं, मी. मघापासून मीच जिंकतोय.