आईंनी काढलेला प्लग

१२ मार्च, रविवार

तीर्थरूप आई,

नमस्कार. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? ताईंच्या घरचा जिना फार चढू नका. आणि पत्र बघून घाबरू नका. फोनवर तुम्ही "आधी पास हो, मग बोलू, जा, अभ्यास कर" म्हणून टपकन ठेवून देता. पत्राला तसं गप्प करता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

तुमचे चिरंजीव स्वयंपाक शिकतायत. काल भाताचा पार चिखल झाला, तर म्हणतात, "पचायला हलका असतो." मी मुकाट गिळला.

बाहेरच्या खोलीत तुमच्या तिघी तशाच आहेत. नेटवर्कची ती जुनी यंत्रं मी परीक्षेच्या सरावासाठी आणली तेव्हा "किती गं घरघर करतात मेल्या!" म्हणून तुम्ही कपाळाला हात लावलात, आणि आठवड्याभरात त्यांना थोरली, मधली, धाकटी म्हणायलाही लागलात. थोरलीचा पंखा अजून कुरकुरतो.

तुमची खुर्चीही तिथेच आहे. समोर बसून तुम्ही मला प्रश्न वाचून दाखवायचात, त्यातलं अक्षर कळत नसताना. मी जरा अडखळले की चष्म्यावरून बघायचात. "थापा मारतेयस. पुन्हा सांग." आणि दर वेळी मी खरंच थापा मारत असायचे! आता चिरंजीव प्रश्न विचारतात. मी काहीही ठोकून दिलं तरी "वा, वा!" करतात. काय उपयोग?

आता त्या प्लगबद्दल. शंभरदा सांगून झालं, तरी लिहूनच देते. इस्त्री लावायला तुम्ही धाकटीचा प्लग काढलात आणि माझं दिवसभराचं काम उडालं, कबूल. पण जागेवरून उठायचं तर काम सेव्ह करून उठायचं, हा आमच्यातला पहिला नियम. मी चहा ठेवायला तशीच उठले. यात तुमचं काय चुकलं? पण तुम्ही ऐकाल तर शपथ! "माझ्या लुडबुडीनं पोर नापास व्हायची. ती पास झाल्याशिवाय मी या घरात यायची नाही," म्हणालात आणि बॅग भरून ताईंकडे गेलात.

तर, गुरुवारी परीक्षा झाली. थंडगार खोली, दिवसभर एका खुर्चीत, समोर स्क्रीनवर आख्खं नेटवर्क. दुपारपर्यंत मी नुसती सुटले होते. शेजारचा गृहस्थ घाम पुसत होता आणि मी मनात म्हणत होते, झालंच की आपलं! शेवटी एका यंत्रावर पहारा बसवायचा होता, कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही. मी झोकात यादी केली, एंटर मारलं, आणि स्क्रीन ढिम्म. यादीत सगळ्यांना घातलं होतं, मला सोडून! माझ्याच हातांनी मी बाहेर, आणि कडी आतून. असं होऊ नये म्हणून आम्ही यंत्राला आधीच सांगून ठेवतो, की दहा मिनिटांत माझा निरोप आला नाही तर बंद होऊन पहिल्यासारखं चालू हो. मी तेही विसरले. आता कुणी प्लग काढला असता, तरच ते पहिल्यासारखं झालं असतं. आणि आई, तेव्हा मला तुम्ही आठवलात आणि असं हसू फुटलं म्हणता! परीक्षेवरच्या बाई येऊन विचारून गेल्या, "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. नापास झाले. थोडक्यात हुकलं, पण नापास म्हणजे नापास. चिरंजीव तोंड पाडून बसलेत आणि मी घरभर गुणगुणत फिरतेय. त्यांना वाटतंय, मला धक्का बसलाय.

अहो, धक्का कसला! तुम्ही तिथे ताईंकडे, मी त्या खोलीत एकटी. प्लग काढायला कुणीसुद्धा नव्हतं. सगळा घोळ मी एकटीनं घातला! आता सांगा, कुणाची लुडबुड? तुमच्यावर ढकलायला काडीची जागा उरली नाही.

पुढची तारीख घेतलीय. पण तोवर मला धीर नाही. तुम्ही नसताना पास झाले असते, तर "बघ, मी गेले म्हणून जमलं" असं जन्मभर धरून बसला असतात. ते मला सोसलं नसतं. मला तुमच्याशिवाय करमत नाही, आई. शनिवारी चिरंजीव गाडी घेऊन येतील. कुरकुर न करता बसा.

तुमची,
स्वतःच्या हिमतीवर नापास झालेली
सून