फलकावरचं नाव

सोमवार, १२ जानेवारी १९९८

आज विवाह नोंदणी कार्यालयाच्या फलकावर आमची नोटीस लागली. आता महिनाभर कोणीही वाचावं: मी, वय अठ्ठावन्न, विधवा, आणि भास्करराव, सुरगाण्याचे निवृत्त शिक्षक. नन्सच्या शाळेत फलकावर नाव लागलं की शिक्षा ठरलेलीच असे. आजही तसंच वाटलं.

"अजून मागे घेता येईल, मालतीबाई," भास्करराव म्हणाले.

"नको," म्हटलं खरं, पण रिक्षात एकच विचार. मुलाला, संजयला, आधी का नाही सांगितलं मी? त्याचा मित्र तिथेच कारकून आहे. तो फलक रोज बघत असणार.

सात वाजता संजयचा पुण्याहून फोन. "आई, खरंय हे?"

"हो."

इतकं स्पष्ट 'हो' तर मी भास्कररावांनाही म्हटलं नव्हतं. संजयनं फोन ठेवला नाही. मीही नाही.